साडेबारा

नंदनवन लेआऊट, तिसरी गल्ली, दिवसातली सहावी तक्रार.
लांजेवार मॅडम. निवृत्त. विषय गणित.
दारातच म्हणाल्या, "शंभराचे पैसे घेता, बारा देता.
बाकीचे अठ्ठ्याऐंशी
कोण्या टपरीवर विकता, ढकाते?"

मी बॅग उतरवली. कूलरच्या ओल्या खसाचा वास,
पोह्याची बशी, तर्री वेगळ्या वाटीत,
आणि एक वही. तारीखवार, लाल शाईत:
बारा, बारा, अकरा पूर्णांक आठ,
रविवारी रात्री नऊ.

म्हटलं, मॅडम, तारेची मोजायची रीत वेगळी,
डब्यात भरायची वेगळी.
तार मोजते बिट, एकेक दाणा.
कॉम्प्युटर मोजतो बाइट, आठ दाण्यांची चिमूट.
शंभराला आठाने भागा.

पेन उचललाच नाही त्यांनी.
ओठ हलले फक्त, पावकी-निमकी पाठ असलेले:
शंभराचे निम्मे पन्नास,
पन्नासाचे पंचवीस,
पंचविसाचे
"साडेबारा," म्हणाल्या,
मधल्या सुट्टीनंतर का होईना
पोरगं वर्गात आलं, अशा सुरात.

आणि लगेच: "वहीत तर बाराच आहेत. अर्धा कुठं गेला?"

अर्धा पत्त्यांत जातो, मॅडम.
तुकडे तुकडे करून पाठवतात सगळं,
प्रत्येक तुकड्यावर कुठून, कुठं, कितवा,
मग पोचला का, तर पोचलो.
"म्हणजे हमाली."
हमालीच. इतवारीतून पोतं उचललं तरी लागतेच.
"लागते. पण तिथं आधी सांगतात."

मग पत्रक समोर धरलं माझ्याच कंपनीचं.
"यात बिट काऊन लिहिता? बाइट काऊन नाही?"
एकक लिहा, एकक लिहा म्हणून
छत्तीस वर्षं खडू झिजवलेला आवाज.
मी बोट ठेवलं त्या इंग्रजी अक्षरावर.
एका पोटाचं असलं तर बिट,
दोन पोटांचं असलं तर बाइट.
एवढाच फरक, मॅडम. एका पोटाचा.

चष्मा कपाळावर गेला.
"आपल्यात लहान ब नसतो, ढकाते.
मराठीत फसवायचं तर
अख्खा शब्द लिहून फसवावं लागेल."

याला माझ्याकडे काही नव्हतं.
मी राउटर बंद केला, सुरू केला.
आमच्या धंद्यात याला विचार करणं म्हणतात.

निघताना, एक पाय बुटात,
त्यांनी विचारलं, जुन्या फोनला किती लागायचं? नुसत्या आवाजाला?
सेकंदाला चौसष्ट हजार बिट,
एक्स्चेंज डिजिटल झाल्यावरचं सांगतो.
या वेळी ओठही हलले नाहीत. "आठ हजार बाइट."

"आमचे हे देवरीला होते, तहसीलीत.
रविवारी ट्रंक कॉल. तीन मिनिटं.
तेव्हा कुठलं डिजिटल, पण समजा.
समजा म्हणायला गणितात पैसे पडत नाहीत."

एकशे ऐंशी सेकंद गुणिले आठ हजार.
चौदा लाख चाळीस हजार.

मी बूट तसाच ठेवला.
मॅडम, हा आकडा मी ओळखतो. हे फ्लॉपीचं माप.

त्या आत गेल्या. ड्रॉवर ओढल्याचा आवाज, मग दुसरा.
निकालाची फ्लॉपी, काळी, वर्ग आठवा ब,
पदराला पुसून टेबलावर ठेवली.
एवढ्याशात एक अख्खा रविवार.
फ्लॉपी जराशी मोठीच, म्हटलं,
चौतीस हजार पाचशे साठ बाइट उरतात.

आता मात्र पेन उचलला.
भागाकार मांडला, चार पूर्णांक बत्तीस,
पुढे लिहिलं सेकंद, खाली रेघ ओढली.

बराच वेळ त्या रेघेकडं बघत होत्या.
"तेवढेच द्यायची ऑपरेटर, वरचे.
बरं, ठेवते, म्हणण्यापुरते."

खाली येऊन गाडीला किक मारली.
ॲपवर तक्रार बंद करायची तर कारण निवडावं लागतं.
पाच पर्याय होते.
सक्करदरा चौकापर्यंत मी काहीच निवडलं नव्हतं.