एकतीस मिलिमीटर

परवा पत्रकार आला, टापरे म्हणून.
म्हणाला, मामा, तुमच्या हाताखालचा पोरगा
तिकडं राष्ट्राध्यक्ष आहे म्हणे!
मी म्हटलं, हाताखाली मी होतो, त्याच्या.
तो दुर्बिणीला डोळा लावायचा,
मी चार मीटरची पट्टी धरून उन्हात उभा.

नाव सोरी.
पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, नाव?
तो म्हणाला, सोरी.
असू दे, असू दे, सर म्हणाले, नाव सांग.
असं तीनदा.

शहराचं नावही तेव्हा वेगळं होतं.
खोली कुणी देईना. बेगमपुऱ्यात एकीनं दिली,
चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी ट्रंक रस्त्यावर ठेवली.
मग दोन महिने तो इन्स्ट्रूमेंट रूममधे झोपला
थिओडोलाइटच्या पेट्यांच्या बोळीत.
किल्ली माझ्याकडं, डबाही माझ्याकडचा.
भाकरी हातात घेऊन वास घेतला त्यानं.
ज्वारी ओळखीची निघाली, त्याच्या आजोळची.

जुन्या लेव्हलमधून माणूस उलटा दिसतो,
पाय आभाळात, डोकं मातीत.
तो म्हणायचा, मामा,
माझ्यासाठी रोज शीर्षासन करता तुम्ही.

एकदा पाणचक्कीच्या भिंतीला कान लावून बसला.
आत पाणी वर चढतंय, ना मोटर ना वीज.
मी ऐटीत सांगितलं, ही नहर तुमच्याच माणसाची,
बाजारात विकला गेलेला, पुढं राज्य चालवलं त्यानं.
तो पूर्वेचा, मी पश्चिमेचा,
मधे आख्खा खंड आडवा पडलाय, मामा.
पण कान काढला नाही.

मे महिन्यात शेवटची फेरी.
कॉलेजच्या पायरीवरून निघायचं,
भडकल गेट, पाणचक्की,
आणि फिरून त्याच पायरीवर यायचं.
निघतानाचा आकडा येताना जुळला पाहिजे.
त्याचा एकतीस मिलिमीटरनं चुकला.
बाकीच्या पोरांनी लिंबाखाली बसून
खोडरबरानं जुळवला.
हा पुन्हा निघाला, पहिल्यापासून.
मागं मी, पट्टी खांद्यावर, शिव्या तोंडात,
डांबरात चप्पल चिकटलेली.
दिवेलागणीला चूक नऊवर आली.
नऊ तर नऊ, वहीत लिहून टाकली,
म्हणाला, राहिलेली चूक लिहून ठेवायची असते.

पुढचं सगळं नातीच्या मोबाइलवर पाहिलं.
गावोगाव हातपंप. मग लष्कराशी भांडण, तुरुंग.
मग मतपेट्या, माणसांच्या खांद्यांवर तो.
एकदा पाच वर्षं. पुन्हा पाच.
आता तिसऱ्यांदा, कायदाच बदलून.
त्यांच्या चौकात गोळी चालली.
सरकारनं आकडा दिला, चार.
नातीनं चित्र बोटांनी मोठं केलं.
डांबरावर चपला पडल्या होत्या.
मी सतरापर्यंत मोजल्या, मग चष्मा काढला.

टापरे म्हणाला, सत्कार आहे त्याचा, गैरहजेरीत,
बॅनर झालंय, एखादी आठवण द्या.
मी म्हटलं, लिही, एकतीस.
त्यानं लिहिलं,
'एकतीस वर्षांची निष्ठावान सेवा.'

तो गेल्यावर मी कॉलेजात गेलो.
वॉचमन नवा, ओळखेना, तरी सोडलं.
पायरीवर ऑइलपेंटचे चार-पाच थर चढलेत.
बसलो, नखानं खरवडत राहिलो.
हिरवा निघाला, मग पिवळा, मग लाल,
आणि खाली दगड,
दगडात छिन्नीनं कोरलेला बाण,
अजून तिथंच.