दुपारी अडीच, सावदा

सोलमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा
आमच्या पॅकहाउसात जेवणाची सुट्टी संपत आलेली असते.
तुरटीच्या हौदात फण्या तरंगतात.
मी पावतीपुस्तकाखाली मोबाइल धरते,
नाजमीन तडवी मागच्या पंख्याशी,
मृणाल फेगडे फैजपूरच्या क्लासात, आवाज बंद करून.
नवं गाणं. पाच पोरी,
गुलाबीवरून काळ्यावर आलेल्या.

पहिल्या चोवीस तासांत किती जणांनी पाहिलं
यावर त्यांचं पुढचं वर्ष ठरतं म्हणे.
म्हणून आम्ही एकच गाणं तेवीसदा लावतो.
बावीसदा त्यांच्यासाठी.

नाजमीनला हे पटत नाही.
मागच्या साली शाळेचा गणवेश घालून लाजायला लावलं,
यंदा चामड्याच्या जाकिटात म्हणायला लावलं, आम्ही कुणाला भीत नाही.
दोन्हीचं बिल एकाच कंपनीनं फाडलं, ती म्हणते.
मृणाल म्हणते, फाडू दे, आवाज तर तिचाच आहे ना?
तिनं क्लासच्या फीतले अकराशे वळवून
त्याच अल्बमची तिसरी पेटी मागवली,
आतल्या फोटोसाठी.
निघाली पुन्हा तीच, डावीकडे बघणारी.
आता ती आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये राहते,
आधारवरच्या मृणालकडे पाठ करून.

आई डोकावते,
'ह्या साऱ्या एकसारख्याच दिसता व माय.'
ह्याच आईला शेडच्या दारातून कळतं
कोणता घड कोणाच्या मळ्यातला.

माझा जीव त्या पाचांत नाहीच.
मला सहावी आठवते.
जुना व्हिडिओ, तळघरातला आरसा, तिसरी रांग,
पाठीवर एकोणतीस नंबर.
सात वर्षं शिकली. दर सोमवारी वजन,
महिनाअखेर परीक्षा, फोन कपाटात,
आणि खाणं, नाचाचा मास्तर, दात सरळ करायचा खर्च
सगळा तिच्याच नावावर मांडलेला.
मग यादी लागली.
यादीत पाच नावं.

हे वाचलं त्या दिवशी
पप्पा फळाची जाडी मोजत होते.
हिरवंच कापायचं, पाऊण भरलेलं;
डाग दिसला की बाजूला;
स्टिकर, फोम, तेरा किलोची पेटी, थंडगार कंटेनर,
आणि पिकायचं कधी, ते दुबईतला माणूस ठरवणार.
मी नाजमीनला म्हटलं, बघ, अगदी तसंच.
ती म्हणाली, नको गं.
केळीला कुणी विचारत नाही.
त्या पोरीला विचारलं होतं.
बारा वर्षांची होती, पण हो म्हणाली होती.
तूही म्हणाली असतीस.

म्हणाले असते.
आणि नुसतं तेवढंच नाही.
गॅदरिंगला आम्ही तिघींनी तो नाच बसवला तेव्हा
मीच मृणालला म्हटलं होतं, तू जरा मागं उभी राहा,
तुझे दंड दिसतात.
ती राहिली मागं. एकही पाऊल चुकली नाही.
टाळ्या तिघींना मिळाल्या.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही,
पण तेव्हापासून तिचे सगळे ड्रेस लांब बाह्यांचे.

संध्याकाळी ट्रक भरून गेल्यावर
बाजूला काढलेल्या ढिगात एक फणी
कुणी न पिकवता पिकलेली सापडली,
ठिपक्याठिपक्यांची, हात लावला की साल सुटणारी.
मृणाल क्लासवरून आली होती.
आम्ही तिघी रिकाम्या क्रेटांवर बसून खात होतो
आणि मी तो जुना व्हिडिओ लावला.

एकोणतीस नंबर कॅमेऱ्याकडे बघत नाही.
दाराबाहेर कुणीतरी काहीतरी बोललंय
आणि तिला हसू आवरत नाहीये.
मृणालनं स्क्रीन जवळ ओढली,
बोटं चिकट होती तिची.
'ही ताल चुकली बघ,' ती म्हणाली.
नाजमीन म्हणाली, 'चुकू दे.'
मग मृणालनं व्हिडिओ मागं नेला
आणि तेवढंच पुन्हा पाहिलं.