वाक

सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात
माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
स्लाइडच्या रिकाम्या डब्यांखाली
अकरा पानांचा एक शोधनिबंध आहे.
इंग्रजी, दोन रकानी. मला अर्धाच कळतो.
शेवटी बारीक अक्षरात आभार मानलेत
रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे.
अनेकवचन आहे.
मी एकटीच होते.

बेचाळीस नळ्या मी भरल्या.
थर्मासात बर्फ, बर्फावर फडकं, फडक्यावर रक्त,
कारण थेट गारठ्याला टेकलं की पेशी फुटते
(हे त्या अकरा पानांत नाही)
आणि पहाटेची नागपूर गाडी,
कंडक्टरच्या पायाशी थर्मास,
"बाई, यात का हाय?"
"ताक," मी म्हणायचे.

डॉ. अलोणेंनी एकदा दाखवलं होतं:
केसाच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक काचनळी,
तिच्या तोंडाशी एक पेशी.
चांगली असली तर जीभ काढावी तशी आत शिरते,
सोडली की पुन्हा गोल,
जसं काही झालंच नाही.
सिकलची पेशी, प्राणवायू ओसरला की,
दाराशीच बसून राहते
रुसलेल्या पाहुण्यासारखी.
किती ओढलं, किती वाकली, परतायला किती वेळ लागला,
एवढंच मोजायच्या त्या. चार वर्षं.

हे बिसन दिघोरेला सांगायला मला शब्द सापडेना.
तलावाच्या पाळीवर तो जाळं विणत होता,
दोन बोटांनी घर मोजत.
मी लवचिकता म्हटलं, त्याने वर पाहिलं नाही.
मी रक्तपेशी म्हटलं, जाळं म्हटलं, अडकते म्हटलं.
"वाक," तो म्हणाला.
"वाक हाय तवरी मासोळी घरातून जाते.
ताठली का फसली.
तं तुमी वाक मोजता म्हना नं."

तेव्हापासून आमच्याकडे तोच शब्द चालतो.
आशाताई दारात विचारतात, आज वाक कशी हाय?
म्हणजे पाणी प्यालीस का,
थंड पाण्यात रोवणीला उतरलीस का,
सांधे बोलतात का.
डॉ. अलोणेंच्या कामाचा आधार
सहाशे अडतीस जणांनी घेतला म्हणे,
कुठल्या कुठल्या देशांत.
त्यात पाथरीच्या आशाताई नाहीत.
मोजणाऱ्याला त्या दिसायच्या कशा?

बिसनची पुस्तकला
एका पायाने जरा ओढत चालते, पण येते.
मागल्या गुरुवारी गोळ्या न्यायला आली
तर मी खण उघडला.
चौथ्या पानावर आलेख, एक्केचाळीस ठिपके,
बहुतेक खाली, मुंग्यांसारखे दाटीने,
आणि एक वर, सगळ्यांपासून फटकून.
"सतरा नंबर. ही तू."
तिने नखाने तो ठिपका दाबून पाहिला.
"सगळ्यांत ताठ मीच?"
आणि हसली अशी की
बाहेरच्या रांगेतली बाई आत डोकावली.
"बाबाले सांगजा. तो मले रोजच म्हनते."
मग फोनवर त्याचा फोटो काढून नेला.
लग्नाच्या फोटोशेजारी ठेवते म्हणाली.

बेचाळीस भरल्या, ठिपके एक्केचाळीस.
हे अजून कुणी विचारलेलं नाही.
उमरेडच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली होती,
चार तासांचे सहा झाले,
आणि मी नोंदवहीत सहाच लिहिले.
चार लिहिले असते
तर हिवराज ठाकरे, वय नऊ, गाव लोनवाही,
जगभर गेला असता
चुकीच्या जागी का होईना, पण ठिपका होऊन.
डॉ. अलोणेंनी फोनवर एवढंच म्हटलं होतं,
"खरं लिहिलंत ते बरं केलंत."
आणि त्याची नळी ओतून दिली.

तो आता बारावीला आहे. काल आला होता.
मी त्याची बोटं आधी चोळून ऊन केली,
मग टोचलं.
थेंब यायला उशीर लागला.