आलं का?

निवृत्ती गांगुर्डे गच्चीवर, मी खाली टीव्हीपुढे.
मधे तीन मजले.
"आलं का?"
"निळंच आहे."
"आता?"
"चाळीस… बासष्ट… गेलं. केसभर मागं घे."
मखमलाबाद नाक्यापासून पार म्हसरूळपर्यंत
बारा वर्षं आम्ही एवढंच बोललो.

मीटर खिशात असायचं, तो काढायचा नाही.
आधी पांडवलेणीचा डोंगर धरायचा,
हात लांब करून डावीकडे अडीच वीत मोजायचा,
मग मान मागे, टोपी पडेस्तोवर.
"तिथं आहे," म्हणायचा,
माडीवरच्या भाडेकरूबद्दल सांगावं तसं.
छत्तीस हजार किलोमीटरवरचं ते खोकं
आम्ही कधी पाहिलं नाही.
ते जागचं हलत नाही, एवढ्यावर आमची चूल.

दक्षिणेला तोंड करून आपल्यात कोणी जेवत नाही,
आणि आम्ही लावलेल्या थाळ्या बघा,
गच्चीगच्चीवर तिकडेच तोंड करून.

मार्चात भर दुपारी बाराला
सूर्य नेमका त्याच्या पाठीशी येऊन थांबायचा,
सात-आठ मिनिटं सगळ्यांच्या मालिका गुल.
फोनवर फोन.
"तोवर भाकरी टाकून घ्या ताई. येतोय तो."

सोमवारी कंपनीचं पत्र आलं.
पंधरा वर्षं झाली, उपग्रह निवृत्त.
तो शब्द त्याने दोनदा वाचला, हसला नाही.

मी विचारलं, पडणार कुठं?
"पडत नाही. खाली आणणं परवडत नाही.
तीनशे किलोमीटर आणखी वर ढकलतात
आणि सगळं बंद करतात.
तेवढ्यापुरतं इंधन टाकीत राखलेलं असतं."

माझी आत्या उशीच्या अभ्र्यात
मयताच्या खर्चाच्या नोटा ठेवायची, तसंच.
तिला निदान रामकुंड मिळालं.

बेंडकुळेबाईंकडे आता फायबर आहे.
डिशमध्ये कुरडया वाळत घातलेल्या.
निवृत्तीने त्या एकेक उचलून माझ्या ताटात ठेवल्या,
गंजलेला नट तेल घालून सैल केला.

"आता पहिल्यांदाच हलेल बघ.
पश्चिमेला, रोज थोडं थोडं.
पाचेक दिवसांत पांडवलेणीवर येईल."

मी जिना उतरलो. खाली टीव्ही नव्हता.
वरून आवाज आला,
"आलं का?"
"निळंच आहे," मी ओरडलो, ताट सांभाळत,
"उजवीकडे घे. केसभर."