आर ते आर

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, मागच्या बाजूच्या खोलीत
कूलरची वाळ्याची ताटी मी सकाळीच भिजवून ठेवते.
पंचेचाळीस अंशांतून माणूस आत आला
की आधी अर्धा तास नुसता पडू द्यायचा.
चहा नको, खर्रा नको, बोलणं नको.
मग छातीवर गार जेल, तीन चकत्या,
आणि पडद्यावर शिखरं:
आर. आर. आर.

शिखरांशी आम्हाला काही घेणं नाही.
आम्ही मधली जागा मोजतो.
आठशे बारा. आठशे सत्तर. सातशे नव्वद.
मिलिसेकंद.
श्वास आत घेतला की ठोके जवळ येतात,
सोडला की पांगतात,
मोरभवनला बस वळताना दिसली की पुढे सरकणारी
आणि ती आपली नाही हे कळलं की मागे होणारी माणसं.
निरोगी काळीज थोडं बेशिस्त असतं
हे मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं.

सहभागी क्रमांक एकसष्ट. देवाजी लांजेवार,
इतवारी-नागभीड छोट्या गाडीचे गार्ड, निवृत्त.
साखर बावीस वर्षांची.
शर्टाची घडी घातली, तिच्यावर घड्याळ ठेवलं,
झोपूनही दिसेल असं.

श्वास घ्या, पाच मोजेपर्यंत. सोडा, पाच.
घेतला. सोडला.
सहाशे चाळीस. सहाशे एकेचाळीस. सहाशे चाळीस.
उभं केलं. तेच.
हात बर्फाच्या पाण्यात बुडवला, मिनिटभर.
बोटं लाल झाली, डोळे भरून आले,
काळजाला खबर नाही.
मेंदूपासून पोटापर्यंत भटकत जाणारी ती लांब नस
उमरेडच्या अलीकडेच कुठे उभी राहिली असावी,
सिग्नल न मिळालेली.

त्यांनी मान वळवून पडदा पाहिला.
"काय बाई, एकदम टायमावर चालून राह्यलं नं?
एका ठोक्याचा लेट नाही."

संमतीपत्रात छापलंय,
निकाल डॉक्टर सांगतील.
मी चकत्या सोडवत राहिले. केसांना चिकटतात त्या,
घाई करून चालत नाही.
म्हटलं, काका, तुमची गाडी लेट व्हायची?

"रोजच! भिवापूरले मिरचीची पोती चढत.
कुहीच्या पुढं एक बाई हात दाखवे, कडेवर लेकरू,
तिथं फलाटबी नोहता.
ड्रायवर थांबवे. मी वहीत कारण लिहो:
इंजिन गरम."
आणि इतके हसले की पोट हललं.
वायर काढलेली होती,
त्या हसण्याची नोंद नाही.

सोमवारी डॉक्टर बसतात, म्हटलं, अकराला या.
"पावणेअकराले हजर."
घड्याळ बांधून ते उन्हात गेले.

एकसष्टच्या रकान्यात मी आकडा भरला.
फार लहान आकडा, एका बोटाखाली झाकला जाईल असा.
कारण लिहायला
आमच्या वहीत जागा नाही.