डोळ्यात तूस

लाईट गेली की वडगावात आधी कान रिकामे होतात.
शेडमधले चोवीस माग एकदम गप्प,
तरी डोक्यात खटक-पटक चालूच राहते घटकाभर.
मग मालन कांड्यांची बुट्टी पालथी घालते,
तिच्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पत्ते.
इस्पिकची राणी कधीच हरवली.
तिच्या जागी साडीच्या घडीतला कागद,
कागदावर पेनानं काढलेली बाई.
कुंकू लावलंय तिला हुसेनबीनं.

'चौक' म्हणतो आम्ही ह्या खेळाला.
हातात चार, मधे चार, पाळी कुणाचीच नाही.
'घे' म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम,
नखं लागतात, बांगडी वाढवते, सत्तीचा कोपरा फाटतो.
नको ते टाक, हवं ते ओढ,
चार गुलाम, चार दश्श्या, चार काहीही जमव,
खरं सांगायचं नाही.
जोडीदारणीनं ओळखायचं आणि ओरडायचं, "चौक!"
समोरच्या दोघींनी खूण आधी बघितली
तर त्या ओरडणार, "धरली!"
गेला डाव.

माझी जोडीदारीण निंगव्वा, सुळेभावीची.
तिचं मराठी कांडीएवढं, माझं कानडी त्याहून आखूड.
खुणा ठरायच्या नळावर, घागर भरता भरता.
एक आठवडा मुगुटीला बोट,
एक आठवडा जांभई.
एकदा "गॅस संपला वाटतं" असं म्हणायचं होतं,
तर त्या दिवशी मालनचा खरोखरच संपलेला
आणि तीच ते बोलून गेली.

हुसेनबीला फसवणं म्हणजे खायचं काम नाही.
अडीच हजार तारांत तुटलेली एक
ती चालता चालता बघते,
आमच्या पापण्या कुठं लपणार तिच्यापासून?
म्हणून निंगव्वानं शेवटी सगळ्यात साधी खूण काढली:
डोळ्याला पदर.
"कण्णाग तूस," ती म्हणाली,
"दिवसभर सगळ्यांच्यात जातंय की. कुणाला कळतंय?"

तीन मंगळवार आम्हीच जिंकलो.
हुसेनबी आमच्या पायांच्या बोटांकडं बघत बसली.

चौथ्या मंगळवारी बाहेर कसला तरी बंद.
शटर अर्धं खाली.
कोणीतरी पाट्यांवर डांबर फासत पुढं गेलं,
कुठल्या भाषेतल्या, ते मी उठून बघितलं नाही
कारण माझ्याकडं तीन अठ्ठ्या होत्या.
निंगव्वानं डोळ्याला पदर लावला.
मी ओरडले, "चौक!"

पत्ते उलटले.
किलवरची दुर्री. बदामचा राजा. एक पंजी.
आणि ती कागदाची राणी.
एकाचं एकाशी नातं नाही.
"काय गे हे?"
"येनिल्ला. तूस."
पदर अजून डोळ्यावरच.

मालननं बीमवर खडूनं रेघ मारली, नियम तो नियम.
हुसेनबीनं मात्र आपले पत्ते हळूच खाली ठेवले.
तिला तार दिसली होती.

मला गुरुवारी कळलं.
खासबागेतले त्यांच्या घरचे दोन माग
बंद सुरू व्हायच्या आधी, पहाटेच, टेंपोत चढले.
उद्यमबागेत भट्टीला, किलोवर.
वजनाची चिठ्ठी नवऱ्यानं तिच्याच हातात दिलेली.
खेळताना ती तिच्या कमरेच्या पिशवीत होती,
सुपारीच्या खांडांबरोबर.

"वाट," निंगव्वा म्हणाली.
मी वाटले.
पहिल्याच फेरीला माझ्या हातात तीन एक्के,
चौथा मधे उताणा पडलेला,
आणि त्याच्याकडं कुणाचाच हात गेला नाही. माझासुद्धा.

तेवढ्यात लाईट आली. चोवीस माग एकदम.
त्या आवाजात आम्ही ओठच वाचतो.
निंगव्वा पलीकडून काहीतरी म्हणाली, चार-पाच शब्द.
कानडीत की मराठीत, मला अजून सांगता येत नाही.
मी मान हलवली.
मग एक कांडी भरली. मग दुसरी.