तीन वाजता बटाटे

डुलुथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
एक बंद पडलेलं बुटांचं दुकान आहे.
त्याच्या तळघरात दर गुरुवारी
चौदा माणसं जमतात, बर्फ फार असेल तर अकरा.
त्यांना गाडीतून मी आणतो.
आधी टपाल वाटायचो, त्यामुळे या गावाचे उंबरे
पाठ आहेत मला, कुत्र्यांसकट.

आर्विड कांगास पहिल्यांदा गाडीत बसला
तो एक शब्द बोलला नाही.
लॉर्ना, त्याची बायको, थांबेचना:
पायरी आहे हं, डोकं सांभाळ, पट्टा मी लावते.
आरशातून मला दिसत होतं,
दर सूचनेगणिक तो उंचापुरा माणूस
कोटाच्या आत लहान लहान होत चाललेला.

तळघर डॅग्नी ओडेगार्डचं.
तिचा भाऊ कुठल्याशा लढाईतून
डोळे तिथेच ठेवून परतला
आणि सहा वर्षं एका खुर्चीत बसून राहिला.
मग खुर्ची रिकामी झाली.
त्याच्याबद्दल ती बोलत नाही.
तिने नुसत्या खुर्च्या जमवल्या,
आणि त्यांतून उठायचं कसं ते शिकवणारी माणसं.

पहिला धडा लॉर्नाला:
हात मांडीखाली घे. बस त्यांच्यावर.
समोर आर्विड कॉफी ओतत होता,
कपाच्या काठावरून बोट आत वाकवून,
निम्मी टेबलावर, थोडी लॉर्नाच्या नव्या स्कर्टवर.
लॉर्ना रडली, पण हात काढले नाहीत.
‘शाबास,’ डॅग्नी म्हणाली.
दोघांपैकी कुणाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग ताटाचं घड्याळ झालं:
सहा वाजता मासा, तीन वाजता बटाटे,
बाराच्या ठोक्याला काकडीचं लोणचं.
नोटांना घड्या पडल्या, पाचाची आडवी, दहाची उभी,
एकाची तशीच सरळ, गरिबाला कसली आलीय घडी!
संसाराची घडी बसते म्हणतात
ती अशी बसते, पाच डॉलरपासून.

मार्गिट जन्मली बाप परतल्यावर चार महिन्यांनी.
इतर घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा असतात,
कांगासांच्या चौकटीला चाकूच्या खाचा आहेत.
वाढदिवसाला आर्विड अंगठा वर वर सरकवत नेतो
आणि म्हणतो,
अगं, तू तर माझ्या बरगडीला लागलीस.

यंदा नगरपालिकेने सत्कार केला.
भाषणात दिवा आला, अंधार आला,
दृष्टी तर तीनदा आली.
क्लेटन बेलांजेर मोठ्याने खाकरला.
मग पितळी फलक हातोहात फिरला, चौदा हातांतून.
‘छान थंड आहे,’ कुणीतरी म्हणालं.
‘लिहिलंय काय?’
‘आभार.’
‘मग इतकं गुळगुळीत का?’
कुणी उत्तर दिलं नाही. केक कापला.

पुढच्या गुरुवारी मार्गिट आली,
वय वर्षं नऊ, दप्तरात पाय भाजायची ॲल्युमिनियमची थाळी,
हातोडी आणि बोथट खिळा.
मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे,
प्रत्येक अक्षर उलटं ठोकत बसली तासभर.
जीभ दातांत.

थाळी आधी क्लेटनकडे गेली.
बोट फिरलं, थांबलं, मागे आलं,
आणि तो हसला, पोटातून.
मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा.
एकेका हाताच्या वेगाने हसू रांगेतून सरकत गेलं,
शेवटी पोचलं डॅग्नीकडे.
तिने डोळे मिटून वाचलं.
तीन वाजता बटाटे.
एवढंच, आणि एक टिंब जास्तीचं.
बराच वेळ तिने थाळी परत दिली नाही.

पितळी फलक आता बाहेर आहे, डोळसांसाठी.
थाळी आत, जिन्याच्या कठड्यापाशी, हाताच्या उंचीला.
रात्री दिवे मालवून मी शेवटचा वर येतो,
तेव्हा बोटं आपोआप तिच्यावरून जातात.
मला ती लिपी येत नाही.
जास्तीचं टिंब तेवढं सापडतं.